अडलेली ओळ शोधा: कॉलेजच्या फिजिक्स आणि कॅल्क्युलसच्या गणितांसाठी मदत कशी मागायची

पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंगला किंवा बीएस्सीला बहुतेक वर्गांत एकच प्रकार चालतो. सबमिशनच्या आदल्या रात्री प्रश्नाचा फोटो ग्रुपवर पडतो, 'कोणी सोडवलंय का?' दहा मिनिटांत कुणाच्या तरी वहीचा फोटो येतो, तो जसाच्या तसा उतरतो, फाइलवर सही होते. पुढे युनिट टेस्टला तेच गणित आकडे बदलून येतं आणि पहिल्या ओळीलाच हात थांबतो. मदत मिळालेली असते, पण अडलेल्या जागी मिळालेली नसते, कारण आपण नेमके कुठे अडलोय हे कुणी शोधलेलंच नसतं.

ती जागा कशी शोधायची आणि सापडल्यावर कोणाला काय विचारायचं, हे इथे पायरीपायरीने दिलं आहे. मराठी माध्यमातून दहावी करून आलेल्यांना आणि डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला बसलेल्यांना यातल्या काही गोष्टी जास्त लागतील. सूत्रं इथे शब्दांत लिहिली आहेत. वहीत ती नेहमीच्या चिन्हांतच लिहा.

हाताशी काय हवं

- रफ वही. फेअर वहीत प्रयोग करू नका, खाडाखोडीच्या भीतीने हात आखडतो.
- पेन्सिल, पट्टी आणि खोडरबर. खोडरबर फक्त आकृतीसाठी. चुकलेली ओळ खोडायची नाही, तिच्यावर एक रेघ मारायची. मदत करणाऱ्याला तीच ओळ बघायची असते.
- सायंटिफिक कॅल्क्युलेटर. परीक्षेत कोणतं मॉडेल चालतं ते कॉलेजात विचारून मगच घ्या आणि सराव त्याच्यावरच करा.
- प्रश्नाचा पूर्ण मजकूर, आकृतीसकट. 'वरील उदाहरणातील माहिती वापरून' असं असेल तर ते वरचं उदाहरणसुद्धा.
- पुस्तकाच्या मागचं उत्तर, असल्यास.
- अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं. ई-बालभारतीवर पीडीएफ मोफत मिळतात. अकरावीच्या दुसऱ्या भागात लिमिट आणि डिफरन्सिएशनची सुरुवात आहे. बारावीच्या दुसऱ्या भागात इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन. डिप्लोमावाल्यांनी हे दोन भाग मोबाइलमध्ये ठेवूनच द्यावेत.

१. प्रश्न स्वतःच्या शब्दांत उतरवा

प्रश्न दोनदा वाचून पुस्तक मिटा आणि तो मराठीत, दोन-तीन ओळींत लिहून काढा: काय दिलंय, काय काढायचंय. हे जमलं नाही तर फिजिक्स अडलेलं नाही, वाक्य अडलंय. गणिताच्या इंग्रजीत साधे शब्द ठरलेल्या अर्थाने येतात आणि प्रत्येक शब्दामागे एक समीकरण दडलेलं असतं.

'स्मूथ' म्हणजे घर्षण शून्य, 'रफ' म्हणजे घर्षण धरायचं. 'फ्रॉम रेस्ट' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. 'इनएक्स्टेन्सिबल' दोरी म्हणजे न ताणली जाणारी, म्हणून दोन्ही टोकांच्या वस्तूंच्या त्वरणाचा आकडा एकच. 'लाइट' म्हणजे वस्तुमान शून्य धरा. कप्पी लाइट आणि स्मूथ असेल तेव्हाच दोरीच्या दोन्ही बाजूंचा ताण सारखा असतो. रोटेशनच्या धड्यात कप्पीला वस्तुमान येतं आणि दोन बाजूंचे ताण वेगळे होतात, पण अकरावीची सवय म्हणून दोन्हीकडे एकच अक्षर लिहिलं जातं. त्या धड्यातली निम्मी गणितं याच एका अक्षरापाशी बिघडतात.

'जस्ट बिगिन्स टू स्लाइड' म्हणजे स्थितिक घर्षण (वस्तू स्थिर असतानाचं घर्षण) त्याच्या कमाल मर्यादेवर आहे. हे शब्द प्रश्नात नसतील तर ते मर्यादेवर आहे असं धरायचा अधिकार तुम्हाला नाही. पुढे तिसऱ्या पायरीत याचंच उदाहरण आहे. 'हेन्स' म्हणजे आधीच्या भागाचं उत्तर वापरूनच पुढे जा, नवीन रीत काढली तर गुण जातात. 'अ‍ॅट द इन्स्टंट व्हेन' म्हणजे दिलेला आकडा फक्त त्या एका क्षणाचा आहे.

हा शेवटचा शब्दप्रयोग कॅल्क्युलसमध्ये फार छळतो. शिडीचं नेहमीचं गणित घ्या: ५ मीटरची शिडी भिंतीला टेकलीय, खालचं टोक ०.५ मी/से वेगाने सरकतंय, ते भिंतीपासून ३ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येतंय? खालचं अंतर क्ष, वरची उंची य धरली तर क्ष² + य² = २५. इथेच क्षच्या जागी ३ टाकला की य = ४ हा स्थिर आकडा होतो आणि स्थिर आकड्याचं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) शून्य. म्हणजे शिडी सरकतच नाही! आधी वेळेच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घ्यायचं: क्ष × (क्षचा वेग) + य × (यचा वेग) = ०. मग ३, ४ आणि ०.५ टाकायचे. यचा वेग −०.३७५ मी/से येतो. वजा चिन्ह म्हणजे उंची कमी होतेय.

मराठी माध्यमवाल्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखावेत: वस्तुमान–मास, त्वरण–अ‍ॅक्सिलरेशन, विस्थापन–डिस्प्लेसमेंट, संवेग–मोमेंटम, आघूर्ण–मोमेंट. शेवटच्या दोघांची इंग्रजी नावं सारखी वाटतात, राशी पूर्ण वेगळ्या आहेत. शब्द सापडत नसेल तर राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे भौतिकशास्त्र आणि गणितशास्त्राचे परिभाषा कोश ऑनलाइन पाहता येतात. दहावीपर्यंत शिकलेलं मराठी फिजिक्स वाया गेलेलं नसतं, त्याला फक्त नवी नावं जोडायची असतात.

२. घड्याळ लावून २० मिनिटं

मदत मागण्याआधी २० मिनिटं स्वतः द्या, पण २० म्हणजे २०. दोन तास एका गणितावर डोकं धरून बसण्यातून काही येत नाही आणि दोन मिनिटांत फोटो पाठवण्यातूनही नाही.

पहिली पाच मिनिटं आकृतीला. फिजिक्समध्ये प्रत्येक वस्तूची वेगळी फ्री बॉडी डायग्राम काढा, तिच्यावर बाहेरून लागणारी बलंच दाखवा आणि प्रत्येक बाणापाशी 'हे बल कोण लावतंय?' हे लिहा. उत्तर देता आलं नाही तर तो बाण खोटा आहे. 'गतीचं बल' नावाचा बाण अशा वेळी पकडला जातो. पुढची पाच मिनिटं एककं एका पद्धतीत आणायला आणि धन दिशा ठरवायला. उरलेल्या दहांत समीकरणं लिहा. अज्ञात राशी किती आणि समीकरणं किती ते मोजा. तीन अज्ञात आणि दोनच समीकरणं असतील तर एखादी अट तुम्ही वापरलेली नाही, आणि ती पहिल्या पायरीतल्या एखाद्या शब्दात आहे.

वेळ संपली की थांबा आणि स्वतःला विचारा, अडलं ते काय? प्रश्नातला शब्द, फिजिक्सची कल्पना, की नुसतं बीजगणित? कॅल्क्युलसच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा तिसरं निघतं. इंटिग्रेशन येत नाही असं वाटतं, पण खरं तर पार्शल फ्रॅक्शन करता येत नसतं, किंवा साइन-कॉसची नित्यसमानता आठवत नसते. अशा वेळी इंटिग्रेशनचे व्हिडिओ बघत बसू नका. मागच्या वर्षांच्या त्या प्रकरणावर एक संध्याकाळ घाला.

३. अडलेली ओळ शोधा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून एक गणित जवळून पाहू. ५ किलोचा खोका २०° उतारावर स्थिर आहे. खोका आणि उतार यांच्यातला स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.५. खोक्यावरचं घर्षण बल किती?

वहीत साधारण असं लिहिलं जातं:

ओळ १: वजन = ५ × ९.८ = ४९ न्यूटन
ओळ २: नॉर्मल रिअ‍ॅक्शन (उताराने खोक्यावर लंब दिशेत लावलेलं बल) = ४९ × कॉस २०° = ४६.० न्यूटन
ओळ ३: घर्षण = ०.५ × ४६.० = २३.० न्यूटन

मागे उत्तर आहे १६.८. आता तिथे फोटो पाठवून 'उत्तर येत नाही' म्हणण्याऐवजी प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा: ही ओळ मी कुठल्या कारणाने लिहिली? पहिली वजनाच्या व्याख्येवरून. दुसरी, उताराला लंब दिशेत त्वरण नाही म्हणून. तिसरी? 'सूत्र आहे म्हणून.' कारणाऐवजी 'सूत्र आहे' असं उत्तर जिथे येतं, ती ओळ संशयित.

मग तिच्यावर एक चाचणी लावा. २३ न्यूटन घर्षण खरं असेल तर काय होईल? उतारावरून खाली ओढणारं बल ४९ × साइन २०° = १६.८ न्यूटन. वर ढकलणारं २३. म्हणजे कुणी हात न लावता खोका १.२५ मी/से² त्वरणाने उतार चढू लागेल. किंवा उतार शून्य अंशांचा करून बघा: सपाट जमिनीवरच्या खोक्यावर २४.५ न्यूटनचं आडवं घर्षण लागेल आणि खोका आपोआप घसरत सुटेल. ओळ ३ चुकली हे आता कुणी सांगायची गरज नाही.

आता प्रश्न बनतो: 'घर्षण = गुणांक × नॉर्मल हे मी ओळ ३ मध्ये लावलं, पण त्याने स्थिर खोका वर चढू लागतो. मग हे सूत्र नेमकं कधी लावायचं?' याचं उत्तर कुणीही जाणकार एका मिनिटात देईल: ती स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे, खोका स्थिर असताना घर्षण लागेल तेवढंच असतं, इथे १६.८. आणि हे उत्तर त्या एका गणितापुरतं राहत नाही, घर्षणाच्या सगळ्या गणितांना लागू पडतं. कितीदा तरी असा प्रश्न लिहिता लिहिताच उत्तर सुचतं आणि विचारायला जायची वेळ येत नाही.

४. मागचं उत्तर जुळत नसेल तर आधी भागाकार करा

तुमचं उत्तर आणि पुस्तकाचं उत्तर यांचा भागाकार काढला की चुकीची जात कळते.

- १०००: ग्रॅम-किलो किंवा मिमी-मीटर. १०,००० असेल तर चौरस सेंटिमीटर, १० लाख असेल तर घन सेंटिमीटर बदलायचे राहिले.
- ३.६: किमी/तास तसेच ठेवले. गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग असल्याने हाच आकडा १३ च्या जवळ दिसतो.
- ९.८: वस्तुमान आणि वजन यांची गल्लत.
- २ किंवा ४: कुठला तरी 'अर्धा' राहिला, किंवा त्रिज्येच्या जागी व्यास गेला.
- ६.२८: फ्रिक्वेन्सी आणि अँग्युलर फ्रिक्वेन्सी यांची अदलाबदल.
- ५७.३: अंश आणि रेडियन.
- १.७३: ३०° किंवा ६०° च्या गणितात साइन आणि कॉस उलटे पडले.
- २.३०: लॉगचा पाया. आपल्या बारावीच्या पुस्तकात नुसतं 'लॉग' म्हणजे नॅचरल लॉग, कॅल्क्युलेटरवरचं 'लॉग' बटण मात्र १० पायाचं असतं. तिथे 'एलएन' दाबायचं.
- १.०२: गुरुत्वत्वरण एकाने १० धरलं, दुसऱ्याने ९.८. उत्तर बरोबर आहे, पुढे चला.
- −१: दिशेचं चिन्ह.

वायूंच्या गणितात भागाकाराचा उपयोग नाही, तिथे तापमानात २७३ मिळवायचे राहिलेत का ते बघा. कॅल्क्युलेटरचा मोड तपासायचा असेल तर साइन ३० दाबा: ०.५ आलं तर अंश, −०.९८८ आलं तर रेडियन. कॅल्क्युलस करताना रेडियनच हवा, कारण साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस हे फक्त रेडियनमध्ये खरं आहे.

आणि हो, पुस्तकातली उत्तरंही चुकतात. दोघांनी एकमेकांची वही न बघता सोडवलं, एककं जुळली, आणि दोघांचं उत्तर एकच आलं, तर सरांना दाखवा आणि पुढे सरका. छापील आकड्याला जुळवण्यासाठी मध्येच दोनाने भागू नका.

५. इंटिग्रेशनचं उत्तर वेगळं दिसतं म्हणजे चुकलं असं नाही

साइन क्ष × कॉस क्ष याचं इंटिग्रेशन करा. साइन हे नवं चल धरलं तर उत्तर येतं साइन² क्ष भागिले २. आधी साइन दोन क्षचं सूत्र वापरलं तर येतं वजा कॉस दोन क्ष भागिले ४. दोन्ही बरोबर. दोघांत फक्त स्थिरांकाचा फरक आहे, आणि म्हणूनच शेवटचा '+ सी' महत्त्वाचा. खात्री अशी करा: दोन्ही उत्तरांत क्ष = ० टाका, फरक ०.२५. मग क्ष = १ रेडियन टाका: ०.३५४ आणि ०.१०४, फरक पुन्हा ०.२५. दोन-तीन ठिकाणी फरक तोच राहिला तर उत्तर जुळलं असं समजा; बदलत गेला तर चूक आहे. स्वतःचं उत्तर डिफरन्शिएट करून मूळ फंक्शन परत येतं का, ही तपासणी तर प्रत्येक गणिताला करायचीच.

चिन्हाकडेही बघा. १/क्ष² चं −१ ते १ इंटिग्रेशन यांत्रिकपणे केलं तर −२ येतं. पण हे फंक्शन सगळीकडे धन आहे, त्याच्याखालचं क्षेत्रफळ ऋण कसं असेल? शून्यापाशी फंक्शन अनंताला जातं, तिथे सरळ मर्यादा टाकण्याची रीत लागूच होत नाही. हे इंटिग्रल डायव्हर्ज होतं, म्हणजे त्याला ठरावीक किंमतच नाही. आलेख आधी हाताने काढला असता तर ही चूक लिहिण्याआधीच दिसली असती.

६. कोणाला विचारायचं

आधी शेजारी बसणारा. दोघांनी वेगवेगळं सोडवून मग वह्या समोरासमोर ठेवायच्या आणि पहिली वेगळी ओळ शोधायची. त्यानंतर होस्टेलवरचे किंवा ओळखीचे सिनियर. त्यांना विषय आठवतो, पण कमी मार्कांत पास होण्याच्या युक्त्याही ते देतात. पहिलं घ्या, दुसरं सोडा.

खरी जागा म्हणजे ट्युटोरियलचा तास. बॅच लहान असते, सर-मॅडम बाकांमधून फिरत असतात, आणि तो तास शंकांसाठीच ठेवलेला असतो. तरी मुलं तिथे बोर्डवरचं उतरवण्यातच वेळ घालवतात. केबिनमध्ये जायचं तर सबमिशनच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा दारात फायलींची रांग असते. आधी निरोप ठेवा:

'मॅडम, नमस्कार. मी एफई, ब तुकडी, रोल नंबर ३४. ट्युटोरियल ३ मधला प्रश्न ५ तिसऱ्या ओळीपर्यंत आलाय, तिथे घर्षणाचं सूत्र लागू होतं का याबद्दल शंका आहे. उद्या ट्युटोरियलनंतर दहा मिनिटं भेटता येईल का? वही सोबत आणतो.'

जाताना दोनपेक्षा जास्त प्रश्न नेऊ नका. समजावून सांगताना 'हो मॅडम, हो मॅडम' म्हणत राहू नका. त्यांचं झालं की 'म्हणजे असं का?' म्हणून तीच गोष्ट तुमच्या शब्दांत सांगा. चूक राहिली असेल तर तिथेच दुरुस्त होते. इंग्रजीत विचारता येत नाही म्हणून गप्प बसणारे खूप असतात. मराठीत विचारा. आकृती आणि चिन्हं तीच असतात, आणि समोरचे शिक्षक मराठी नसले तरी वहीतल्या ओळीवर बोट ठेवून विचारलेला प्रश्न कळतो.

७. नेटवरून काय घ्यायचं

कल्पना समजून घ्यायला आयआयटी आणि आयआयएस्सीच्या एनपीटीईएलवरची व्याख्यानं मोफत आहेत. प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच पैसे लागतात. सराव हवा असेल तर एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर १८.०१ हा एका चलाच्या कॅल्क्युलसचा आणि ८.०१ हा मेकॅनिक्सचा कोर्स शोधा. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची फिजिक्स आणि कॅल्क्युलसची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवून घेता येतात; विषम क्रमांकाच्या प्रश्नांची उत्तरं मागे असतात, म्हणून स्वतः सराव करताना विषम क्रमांकच घ्या.

आलेखासाठी डेस्मॉस किंवा जिओजेब्रा. डेस्मॉस कोन मुळात रेडियनमध्ये धरतो. वुल्फ्रम अल्फा उत्तर मोफत देतो, पायऱ्यांसाठी बहुतेक वेळा पैसे मागतो. तिथेही नुसतं 'लॉग' लिहिलं तर तो नॅचरल लॉग धरतो, हे ध्यानात ठेवा. त्याचा उपयोग उत्तर तपासायला करा.

'असाइनमेंट करून देतो' किंवा 'फोटो टाका, सोल्युशन मिळवा' म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. 'पहिला महिना मोफत' च्या वेळी यूपीआय ऑटोपेला परवानगी दिली जाते आणि पुढच्या महिन्यापासून खात्यातून रक्कम कटत राहते. आधीच दिली असेल तर यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन ती रद्द करा. नुसतं अ‍ॅप काढून टाकून ती रद्द होत नाही.

८. चॅटबॉटला विचारताना

रात्री अकरा वाजता विचारायला दुसरं कुणी नसतं, त्यामुळे चॅटबॉट वापरला जाणारच. नीट वापरला तर उपयोगी आहे.

प्रश्नाचा फोटो टाकण्याऐवजी शक्यतो टाइप करा. फोटोत घातांक, वजा चिन्ह आणि आकृतीतल्या बाणांची दिशा चुकीची वाचली जाऊ शकते. आकृती शब्दांत सांगा: 'उतार उजवीकडे चढतो, दोरी उताराला समांतर, कप्पी वरच्या टोकाला.' मग तुमच्या ओळी क्रमांकासह लिहा आणि म्हणा: 'पूर्ण उत्तर देऊ नकोस. माझी पहिली चुकलेली ओळ कोणती आणि का, एवढंच सांग.' चूक नसून पुढे सुचत नसेल तर 'पुढच्या एकाच पायरीचा इशारा दे.'

तीन गोष्टी सांभाळा. पुस्तकातलं उत्तर आधी सांगू नका. सांगितलं की पायऱ्या ओढूनताणून त्या आकड्याकडे नेल्या जाऊ शकतात. 'नक्की का?' असं दोनदा विचारल्यावर तो बरोबर उत्तरही बदलू शकतो, तेव्हा उत्तर बदललं म्हणजे आधीचं चुकलं होतं असं धरू नका. तिसऱ्या पायरीतली चाचणी दोन्हींवर लावा. आणि शेवटचा आकडा नेहमी स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर काढा. कॉलेजने असाइनमेंटसाठी अशी साधनं वापरायला मनाई केली असेल तर ती पाळा, आणि हे सगळं असाइनमेंटबाहेरच्या सरावाला वापरा.

९. मदत मिळाल्यावर

समजावलेलं उत्तर समोर असताना सगळं सोपं वाटतं. म्हणून ते झाका आणि कोऱ्या पानावर तेच गणित सुरुवातीपासून लिहा. मध्येच डोकवावं लागलं तर त्या ओळीला खूण करा आणि पुन्हा वरून सुरू करा. दोन दिवसांनी परत एकदा, या वेळी वेळ लावून.

चुकांची एक छोटी वही ठेवा. प्रत्येक चुकीला तीनच गोष्टी: कुठली ओळ, काय समजून लिहिली, आणि ती चूक उघडी पाडणारी चाचणी. उदाहरणार्थ: 'घर्षण = गुणांक × नॉर्मल. स्थिर वस्तूलाही लावलं. चाचणी: उतार शून्य करून बघ.' परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स चाळण्यापेक्षा ही चार पानं वाचणं जास्त कामाचं.

शेवटी आकडे बदलू नका, विचारलेली राशी बदला. खोक्याच्या गणितात उतार हळूहळू वाढवत नेला तर खोका किती अंशांवर घसरू लागेल? इथे 'जस्ट बिगिन्स टू स्लाइड' आलं, म्हणून आता तेच सूत्र लावता येतं आणि उत्तर २६.६° येतं. शिडीच्या गणितात विचारा, दोन्ही टोकांचा वेग सारखा कधी होईल? क्ष आणि य समान होतील तेव्हा, म्हणजे खालचं टोक भिंतीपासून ३.५४ मीटरवर असताना. आणि वरचं टोक जमिनीला टेकायला आलं की काय? उंची शून्याकडे जाते तसा त्याचा वेग समीकरणात अनंताकडे जातो. खऱ्या शिडीचं तसं होत नाही, कारण त्याआधीच तिचं वरचं टोक भिंतीपासून सुटलेलं असतं आणि आपलं समीकरण तर ते टेकलेलं धरूनच लिहिलं होतं. ते नेमकं कधी सुटतं, हा प्रश्न घेऊन पुढच्या ट्युटोरियलला जा.